खडखड परवडली!

नोकरीसाठी बोलोन्यात आलो आणि पहिल्या बोनसमधून काय घेतलं? सेकंडहँड डुकाटी मॉन्स्टर ९००! १९९३ साली बाजारात आलेलं मॉडेल, कारखाना याच शहरात. अजून काय हवं?

पहिल्याच सिग्नलला पोटात गोळा आला. क्लच दाबला की खडखड, खडखड... डब्यात चमचे हलवल्यासारखी! तडक गॅरेज गाठलं. म्हातारा मेकॅनिक हसला. हा ड्राय क्लच. प्लेटा तेलात बुडालेल्या नसतात, म्हणून वाजतात. "वाजू दे. बेल्ट कधी बदललेस?"

"कुठले बेल्ट? गाडी फारशी चाललेलीच नाही," मी ऐटीत म्हटलं.

तिथंच तर गोची होती. या इंजिनात रबराचे दोन टायमिंग बेल्ट असतात, प्रत्येक सिलिंडरला एक. गाडी नुसती उभी असली तरी रबर म्हातारं होतं. म्हणून किलोमीटर मोजत बसायचं नाही, दर दोन वर्षांनी बदलून टाकायचे. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो आणि इंजिनाचे बारा वाजतात. आधी आवाज? बहुतेक वेळा काहीच नाही! कव्हर उघडलं, तर बेल्टला बारीक भेगा. बिल बघून डोळे पांढरे झाले, पण मुकाट्यानं भरलं.

रात्री घरी फोन लावला. आई नेहमीसारखी गुडघ्यांवरून कुरकुरली. बाबा म्हणाले, "मी एकदम मजेत."

"ते राहू द्या. शुगर शेवटची कधी तपासलीत?"

पलीकडे चिडीचूप.