एका शब्दाचा खुलासा : ‘स्थायिक’

आज थोडं लांब लिहितोय. ज्यांच्या घरात पोरगा-पोरगी परदेशात पाठवायची बोलणी सुरू आहेत, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

परवा सकाळी कोहमारा चौकात गोंदियाच्या बसची वाट बघत चहाच्या टपरीवर बसलो होतो. ओळखीचे एक कास्तकार काका आले. त्यांनी खिशातून प्लास्टिकच्या पन्नीत जपून ठेवलेलं पेपरचं कात्रण काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. बातमी माझीच होती, 2022 सालची. फोटो माझ्या भाच्याचा आणि मथळा, ‘तालुक्यातील युवक कॅनडात स्थायिक’.

"तुमीच लिवलं होतं ना भाऊ, पोट्टा तिथं पक्का झाला मनून?"

म्हटलं, हो काका, मीच.

"मंग तो गावात काऊन फिरून रायला?"

मला उत्तर देता आलं नाही. काका पुढे म्हणाले की त्यांच्या धाकट्याला एका एजंटने कॅनडाच्या कॉलेजात प्रवेश मिळवून देतो म्हणून सांगितलं आहे. ‘दोन वर्षं शिका, मग पीआर हातात.’ त्यासाठी धानाची तीन एकर जमीन गहाण टाकायची बोलणी झाली आहे. सही तेवढी बाकी आहे. घरात बायको नको म्हणते, तर तिला दाखवायला हे कात्रण ठेवलं होतं. पेपरात छापून आलं म्हणजे खरंच असेल, असा त्यांचा विश्वास.

वीस वर्षांच्या वर पत्रकारिता करतोय. खुलासे पुष्कळ छापले, पण ते दुसऱ्यांचे. आज स्वतःच्या बातमीचा खुलासा देतोय.

भाचा इंजिनिअर. नागपुरात दोन वर्षं नोकरी केली आणि जानेवारी 2020 मध्ये कॅनडाला दोन वर्षांच्या डिप्लोमाला गेला, तेव्हा तो 26 वर्षांचा होता. डिप्लोमा झाल्यावर 2022 च्या सुरुवातीला त्याला तीन वर्षांचं वर्क परमिट मिळालं. ताईचा आनंदाने फोन आला, "अरे, परमिट आलं!" मी विचारलंच नाही की कसलं परमिट, किती दिवसांचं. बसलो आणि ‘स्थायिक’ लिहून मोकळा झालो. पुढच्या महिनाभरात ताईकडे चार स्थळं सांगून आली.

खरं काय होतं ते आता सांगतो. कॅनडात शिकून झाल्यावर जे वर्क परमिट मिळतं ते जास्तीत जास्त तीन वर्षांचं असतं आणि साधारणपणे एकदाच मिळतं. त्या मुदतीत आपल्याला कायम वास्तव्याच्या, म्हणजे पीआरच्या रांगेत नंबर लावावा लागतो. आपल्याकडे कच्चं लायसन काढलं की पुढे परीक्षा पास होऊन पक्कं लायसन मिळतं, तसंच हे असेल असं आपण समजतो. तसं नाही. इथे पास होऊन भागत नाही, मेरिटमध्ये यावं लागतं.

2015 पासून तिथे एक्सप्रेस एंट्री नावाची पद्धत आहे. वय, शिक्षण, भाषा, कामाचा अनुभव यांना गुण देतात, एकूण 1200 पैकी. सरकार अधूनमधून यादी काढतं आणि ठरावीक गुणांच्या वर असलेल्यांनाच अर्ज करायला बोलावतं. वयाचे पूर्ण गुण 20 ते 29 पर्यंत. तिशी लागली की दर वाढदिवसाला पाच-सहा गुण गेलेच समजा. घरचे व्हिडिओ कॉलवर केक कापायला सांगत आणि पोरगा मनात गुण मोजत असे. हे त्याने मला परत आल्यावर सांगितलं.

दुसरी गोष्ट अनुभवाची. तिथला प्रत्येक पगार अनुभवात धरत नाहीत. ज्या योजनेत असे विद्यार्थी बसतात तिच्यासाठी मागच्या तीन वर्षांत किमान एक वर्ष कुशल श्रेणीतलं काम लागतं. गोदामात खोकी उचलणं, हॉटेलात काउंटर सांभाळणं यातलं बहुतेक काम त्या श्रेणीत येत नाही. शिकत असताना केलेलं कामही त्यात धरत नाहीत. भाच्याचं पहिलं दीड वर्ष गोदामातच गेलं, कारण खोलीभाडं आणि शिक्षणकर्जाचा हप्ता थांबत नव्हता. घाम गाळला, कर भरला, पण त्या दीड वर्षाचे गुण शून्य. सुपरवायझर झाला तेव्हा परमिटचा अर्ध्याहून जास्त काळ संपला होता.

त्याचे गुण 485 च्या आसपास अडकले. 2024 च्या शेवटी आणि 2025 च्या सुरुवातीला त्याच्या गटाची यादी 520 च्या वरच थांबत होती. त्यातच ऑक्टोबर 2024 मध्ये कॅनडा सरकारने जाहीर केलं की 2025 साठी ठरवलेला 5 लाख पीआरचा आकडा 3 लाख 95 हजारांवर आणणार. पुढच्या दोन वर्षांसाठी तो आणखी कमी, 3 लाख 80 हजार आणि 3 लाख 65 हजार. कंपनीच्या नोकरीच्या पत्राला जे जास्तीचे गुण मिळत तेही मार्च 2025 पासून बंद झाले. एखाद्या प्रांताने नामांकन दिलं तर 600 गुण मिळतात, फ्रेंच चांगली येत असेल तर बऱ्याच कमी गुणांवर नंबर लागतो. भाच्याने फ्रेंचचा क्लास लावला, पण परमिटचे पाच महिने उरले असताना. पाच महिन्यांत भाषा येते का हो?

तो परत आला. ताई शेजारी ‘सुट्टीवर आलाय’ म्हणून सांगते. सुट्टीला आता बरेच महिने झाले. पोराचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्याने कायदा मोडला नाही, आळस केला नाही. ज्या नियमांवर तो गेला ते नियम तो तिथे असतानाच बदलले. परमिटवर राहणाऱ्याला त्यात मत नसतं, फक्त मुदत असते.

आता कोणी म्हणेल, कॅनडा नाही तर दुसरा देश. जरूर बघा, पण प्रत्येक देशाला एकच प्रश्न विचारा, कच्च्याचं पक्कं कसं होतं? अमेरिकेत एच-1बी व्हिसा साधारण सहा वर्षांचा. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1 लाख 40 हजार, आणि त्यात एका देशाच्या वाट्याला 7 टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे भारतीयांची रांग इतकी लांबली की 2025 मध्ये उच्चशिक्षितांच्या एका गटात 2013 सालच्या अर्जांचे नंबर लागत होते. आखातात तर साध्या कामगारासाठी पक्क्याची वाटच नाही. नोकरी संपली की मुक्काम संपला. जर्मनीत सध्या वाट त्यामानाने स्पष्ट आहे. तिथल्या ब्लू कार्डवाल्याला भाषा बी-1 पातळीची येत असेल तर 21 महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, जुजबी भाषेवर 27 महिन्यांत. 2024 मध्ये आपल्या राज्य सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्गशी करार केला, तेव्हा कितीतरी पोरं जर्मनच्या मागे लागली. पण ब्लू कार्डसाठी पात्रता आणि पगाराची अट आहे, ती आधी बघा.

हे सगळं आपल्याला लांबचं वाटतं. पण कोहमाऱ्याहून नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव करत गोठणगावकडे जा. तिथे प्रतापगडजवळ नॉर्गेलिंग ही तिबेटी वसाहत आहे, 1972 पासूनची. हिवाळ्यात आपण ज्यांच्याकडून स्वेटर घेतो ती माणसं. आपल्या जिल्ह्याचा जन्म 1999 चा, म्हणजे जिल्ह्यापेक्षा त्यांचा मुक्काम जुना. तरी त्यांच्यातल्या बहुतेकांकडे आजही परदेशी म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र असतं आणि मुदत आली की ते नव्याने करून घ्यावं लागतं. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेला माणूस कायद्याने जन्मतः नागरिक आहे. तरी अशा तिबेटींना पासपोर्ट द्या हे दिल्ली उच्च न्यायालयाला 2016 मध्ये सांगावं लागलं. त्यानंतरही वसाहत आणि तिथल्या सवलती सोडण्याच्या अटी पुढे आल्या. त्या वसाहतीत मी बातम्यांसाठी कितीदा गेलो. घरं पक्की, मंदिर पक्कं, शेतं कसलेली. कच्चा होता तो फक्त कागद. ते बघूनही माझ्याच भाच्याच्या बाबतीत ‘परमिट’ आणि ‘स्थायिक’ यातला फरक मला कळला नाही. लाज वाटते ती याची.

काकांना मी जे सांगितलं तेच इथे लिहितो.

1. एजंटला विचारा, हे परमिट किती वर्षांचं, आणि त्यानंतर काय? ‘होऊन जाते’ हे उत्तर नाही.
2. कॅनडात 1 नोव्हेंबर 2024 पासून नवे नियम आहेत. कॉलेजच्या डिप्लोमाचा विषय सरकारच्या यादीत नसेल तर शिकून झाल्यावरचं वर्क परमिटच मिळत नाही. फी भरण्याआधी हे कॅनडा सरकारच्या वेबसाइटवर स्वतः बघा.
3. पैसे घेऊन कॅनडाच्या व्हिसाचा सल्ला द्यायला तिथला परवाना लागतो. परवाना क्रमांक मागा, तो ऑनलाइन तपासता येतो.
4. आखातात मजुरीला पाठवणारा एजंट केंद्र सरकारकडे नोंदलेला हवा. ई-मायग्रेट पोर्टलवर नाव दिसतं. त्याची फी 30 हजार रुपये आणि जीएसटी, याच्या वर घेता येत नाही.
5. पोरगा परत आला तर कर्ज कोण फेडेल, याचं उत्तर सातबाऱ्यावर बोजा चढण्याआधी घरात बसून काढा.

पोरांनी जाऊ नये असं मी म्हणत नाही. जावं. धानाच्या भावावर आणि बोनसच्या भरवशावर किती पिढ्या काढायच्या? भाचाही म्हणतो, "मामा, गेलो त्याचं दुःख नाही. घरी खरं सांगायची सोय नव्हती, त्याचं आहे." ती सोय माझ्या बातमीने बंद केली होती.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "बायकोसंग बोलतो" म्हणाले आणि बसमध्ये चढले. काय ठरवतील ते त्यांचं त्यांनी ठरवावं. कात्रण मात्र मी मागून घेतलं.

तर खुलासा असा : 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बातमीतील ‘कॅनडात स्थायिक’ हे शब्द चुकीचे होते. ते ‘तीन वर्षांच्या परवान्यावर कामाला’ असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहे.

कोणाकडे एजंटने दिलेले कागद असतील तर घेऊन या. सकाळी मी चौकातल्या टपरीवर असतो. सोबत बसून वाचू.