चेंबर उतरवला तेव्हा

श्रावणातल्या पहिल्या सोमवारची पहाट. पिकअपमध्ये निर्मळ-भुईगावच्या वाड्यांतली केळीची पानं, अळूच्या जुड्या आणि सोनचाफ्याच्या टोपल्या होत्या. उजाडायच्या आत दादर गाठायचं होतं. वसई फाटा ओलांडून चिंचोटीच्या दिशेने निघालो आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं. गाडीचं पोट कशावर तरी आपटलं, तो दणका थेट तळपायांना जाणवला. थोडं पुढे गेलो तोच मीटरमधला तेलाच्या किटलीचा लाल दिवा लुकलुकू लागला.

मी लगेच इंजिन बंद केलं. स्टिअरिंग जड झालं, पण गाडी कशीबशी कडेला आणली. वडिलांनी टेंपो शिकवताना बजावलं होतं की पाण्याचा काटा चढला तर विचार करायला थोडा वेळ मिळतो, किटलीचा दिवा लागला तर मिळत नाही. बॅटरी मारून पाहिलं, तर ओल्या डांबरावर गाडीमागे रंगीत तवंगाची रेघ पसरली होती.

चाफा दुपारपर्यंत काळवंडतो. म्हणून आधी शेजारच्या टेंपोवाल्याला फोन करून माल त्याच्या गाडीत चढवला. तिथल्या टपरीवर एक ट्रकवाला म्हणाला, ‘‘एम-सील लावा, तेल भरा आणि चला.’’ सणाचे दिवस, रोजची खेप; खरं सांगतो, मन डळमळलं. तरी दोर बांधून गाडी वालीवच्या गॅरेजात ओढून नेली.

तिथले मिस्त्रीकाका वाड्याकडचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. एम-सीलचं बोलताच म्हणाले, ‘‘अरे, वरून मलम लावून काय करशील? आत काय झालंय ते नको बघायला?’’

खालचं गार्ड काढलं, उरलंसुरलं तेल डब्यात सोडलं. दोन लिटरही निघालं नाही. इंजिनच्या तळाशी तेल साठवणाऱ्या चेंबरच्या खालून चेसिसचा आडवा पट्टा जातो, त्यामुळे इंजिनच्या माउंटिंगचे नट सैल करून, लाकडी ठोकळा ठेवून, जॅकने इंजिन दोन बोटं उचलावं लागलं. दहा नंबरच्या पान्याने कडेचे सगळे बोल्ट निघाले, तरी चेंबर जागचा हलेना. सिलिकॉनने तो ब्लॉकला घट्ट चिकटलेला. मी मोठा स्क्रू-ड्रायव्हर घालायला गेलो, तर काकांनी मनगट धरलं. ‘‘ब्लॉकची कड खरवडलीस तर नवा चेंबरही गळत राहील.’’ मग पातळ पट्टी फटीत सरकवायची, रबरी हातोडीने हळूच ठोकायची, बोटभर पुढे जायचं. कोपऱ्यांपाशी सगळ्यात जास्त वेळ गेला. तासाभराने चेंबर एकदम सुटला आणि काळं तेल माझ्या कोपरापर्यंत ओघळलं.

तळाला मुठीएवढा पोचा होता आणि त्याच्या कडेला बोटभर चीर. आतून पुसल्यावर पोच्याच्या माथ्यावर एक चकचकीत गोल वळ दिसला. काकांनी बॅटरी वर इंजिनात मारली. पंपाची जाळी चेपून वाकडी झाली होती. पंप चेंबरातलं तेल ओढतो तो या जाळीतून, आणि जाळीखाली थोडी मोकळी जागा असावीच लागते. इथे पोचा जाळीला जाऊन टेकला होता. वरून लिंपून तेल भरलं असतं, तर डिपस्टिकवर ते पुरतं दिसलं असतं, पण पंपाला धड मिळालं नसतं. भरल्या गाडीनिशी घोडबंदरचा चढ चढताना बेअरिंगांचं काय झालं असतं, या विचाराने माझा घसा कोरडा पडला.

काकांनी प्रत्येक कनेक्टिंग रॉड हाताने हलवून पाहिला. तळातलं तेल बोटांवर चोळून उन्हात धरलं. त्यात चंदेरी चुरा नव्हता. ‘‘वेळेवर बंद केलीस,’’ एवढंच म्हणाले.

नवा चेंबर आणि नवी जाळी यायला दुपार झाली. दोन्ही कडा पेट्रोलने पुसून कोरड्या केल्या. सिलिकॉनची सलग बारीक वळी बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने ओढली आणि बोल्ट मधून कडांकडे, आलटून पालटून, दोन फेऱ्यांत आवळले. तेल मात्र त्यांनी त्या दिवशी भरू दिलं नाही. सिलिकॉन रात्रभर सुकू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेल आणि नवा फिल्टर घालून स्टार्टर मारला. लाल दिवा क्षणभर तसाच राहिला, मग विझला. काका मात्र पुठ्ठ्यावर आडवे होऊन, बॅटरी धरून, आणखी कितीतरी वेळ गाडीखालीच होते.