माणशी वीस डॉलर, भोपळ्याचे वेगळे

शिकागोच्या उपनगरात राहत असाल आणि घरात लहान मूल असेल, तर ऑक्टोबरातला एक शनिवार भोपळ्याच्या शेतावर जातोच. त्यातून सुटका नाही. शाळेत विचारतात, शेजारी विचारतात, आणि मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर सप्टेंबर संपायच्या आतच फोटो यायला लागतात. कोऱ्या जॅकेटातलं मूल, भोवती नारिंगी भोपळे, मागे मक्याची वाळलेली ताटं. चिखल, पार्किंगची रांग, सायडरच्या पेल्यावर घोंघावणाऱ्या गांधीलमाश्या आणि झोपेची वेळ टळून गेल्यामुळे जमिनीवर लोळण घेतलेलं तीन वर्षांचं पोर, हे फोटोत येत नाही. शिवाय हेच दिवस आपल्या सणांचे. शुक्रवारी रात्री कुठल्यातरी शाळेच्या जिममध्ये उशिरापर्यंत गरबा आणि शनिवारी सकाळी शेत, असं ते वेळापत्रक असतं.

यंदा सासू-सासरे आमच्याकडे होते. बाबांची मंगळवेढ्याजवळ जमीन आहे, काळी, कोरडवाहू, ज्वारीची. शेतावर जायचंय एवढंच त्यांनी ऐकलं आणि सकाळी सातला आंघोळ उरकून, टोपी घालून सोफ्यावर तयार होऊन बसले. शेत दहाला उघडतं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

“उघडतं म्हंजे? शेताला काय शटर हाय का?”

शटर नव्हतं, पण फाटक होतं.

नेपरव्हिल, ऑरोरा मागे टाकून फॉक्स नदी ओलांडली की थोड्याच वेळात घरं विरळ होतात आणि मग नुसता मका आणि सोयाबीन. सोयाबीन बरंचसं निघालं होतं. एका रानात मक्याची काढणी चालू होती. एकच यंत्र, एका दमात बारा ओळी घेत धुरळा उडवत चाललेलं. बाबा मान वळवून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. “माणसं कुठायत?” त्यांनी विचारलं. आत केबिनमध्ये एक माणूस असतो, नवरा म्हणाला. त्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

फाटकावर माणशी वीस डॉलर. दोन वर्षांच्या आतल्यांना फुकट, आमचा धाकटा तीनचा, म्हणजे सहाजणांचे एकशेवीस. मनगटाला कागदी पट्टे बांधून घेताना बाबांनी हिशेब केला. आधी रुपयांत, मग ज्वारीत. “तीन पोती ज्वारी गेली की रं फाटकावरच,” ते मुलाला म्हणाले. “भोपळा येतो का ह्यात?”

“नाही बाबा, भोपळ्याचे वेगळे. वजनावर.”

आत गेल्यावर शेत लगेच दिसत नाही. आधी घसरगुंड्या, हवा भरलेली भली मोठी उशी, सफरचंदाची तोफ, डुकरांची शर्यत आणि साखरेत घोळवलेले गरम सायडर डोनट. डोनट चांगले असतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मक्याचा भूलभुलैया तर हवाच. उत्तरेला स्प्रिंग ग्रोव्हच्या रिचर्डसन फार्मवरचा २८ एकरांचा आहे आणि जगातला सगळ्यात मोठा म्हणून तो मिरवला जातो. मका आडवा-उभा दाट पेरायचा आणि गुडघाभर झाला की नकाशाप्रमाणे वाटा काढायच्या, हल्ली जीपीएस लावून. सप्टेंबरपर्यंत ताटं डोक्याच्या वर जातात. धाकट्याला घेऊन त्यात शिरायचं नाही हा आमच्या घरचा नियम आहे. मक्याच्या मधोमध तो खाली बसला, की बाहेर पडायची वाट माहीत असूनही उपयोग नसतो.

त्याचं खरं ठिकाण म्हणजे दाण्यांची पेटी. लाकडी फळ्यांचा चौकोन, वर पत्र्याचं छप्पर आणि आत पोरांच्या गुडघ्यापर्यंत सुटा मका. बस्स, बाकी काही नाही. पोरं त्यात पोहतात, एकमेकांना पुरतात, प्लॅस्टिकच्या पेल्याने दाणे भरतात आणि ओततात. धाकट्याने पाऊण तास आजोबांच्या टोपीत दाणे भरले आणि रिकामे केले, भरले आणि रिकामे केले. इतर वेळी तो एका जागी इतका वेळ फक्त झोपेत असतो. बाबाही फळीवर बसून होते. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला, दाढेखाली धरला आणि थुंकला. “जनावराचा मका,” ते म्हणाले. अगदी बरोबर. इथला नव्व्याण्णव टक्के मका तोच, डोक्याला खळी असलेला, कडक. गुरांच्या चाऱ्यात जातो, इथेनॉलमध्ये जातो. तोच मका आम्हीही घरी नेतो, मोज्यांत, खिशांत आणि कॉलरीत. कपडे धुवायच्या मशीनमध्ये तो पुढे कितीतरी दिवस खडखडतो.

भोपळ्यांच्या रानापर्यंत ट्रॅक्टरच्या गाडीतून नेतात. बसायला गव्हाच्या काडाच्या गठ्ठ्या. हिरवा ट्रॅक्टर बघून बाबांची कळी खुलली. “हा तर आपला सणसवाडीचा!” त्यांच्या पुतण्याकडे तोच आहे, पुण्याजवळच्या सणसवाडीच्या कारखान्यातून आलेला, हप्ते अजून चालू असलेला. ट्रॅक्टरच्या कंपनीचं मुख्यालय इलिनॉयमध्येच मोलीनला, मिसिसिपीच्या काठावर, असं मी सांगितलं, तर त्यांनी माहेर कळल्यासारखी मान हलवली आणि चढून थेट चालकाच्या जवळच्या गठ्ठीवर जाऊन बसले.

रानात वेल वाळून गेले होते. जूनच्या आगेमागे पेरतात, तयार व्हायला शंभर-एकशेदहा दिवस लागतात आणि ऑक्टोबरात पहिलं दव गोठलं की पानं एका रात्रीत काळी पडतात. राहतात ते उघडे भोपळे. आमची थोरली सहा वर्षांची आहे आणि तिला डाग नसलेला, गोल गरगरीत, लांब देठाचा भोपळा हवा होता. असा सापडायचा, ती तो फिरवायची आणि खालची बाजू चपटी, पिवळट निघायची. मग तो नापास. शेवटी आजीने सांगितलं, “अगं, कधीपासून एका कुशीवर पडलाय तो. तू पडून राहिलीस तर तूही चपटी होशील.” ते पटलं. स्वतःला उचलता येईल तोच घ्यायचा, हा दुसरा नियम, आणि देठाला धरून उचलायचा नाही हा तिसरा. देठ तुटला की तिथूनच तो सडायला लागतो. धाकट्याने फार विचार केला नाही. मुठीएवढा, हिरवा, पुळ्यापुळ्यांचा, शोभेचा एक भोपळा धरला आणि मग कुणालाही हात लावू दिला नाही.

आई मात्र खायच्या तयारीने आल्या होत्या. त्यांनी एका मोठ्या नारिंगी भोपळ्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं, सालीत नख रोवलं आणि तोंड वाकडं केलं. “पाणचट आहे. गीरच नाही आत.” त्यांचं काही चुकत नव्हतं. हा भोपळा खाण्यासाठी वाढवलेलाच नाही. दिवा कोरायला भिंत पातळ हवी, उभा राहायला बूड हवं, उचलायला देठ हवा. वाणच तसे निवडलेले, चवीचा विचार कुणी फारसा केलेला नाही. पण तराजूच्या शेजारी, शोभेच्या वस्तूंच्या ढिगात, त्यांना हवा तो मिळाला. फिकट तपकिरी, बसका, खाचांचा. इथे त्याला लॉन्ग आयलंड चीज म्हणतात, कारण दिसतो चीजच्या चाकासारखा. आपल्या मंडईत फोड करून विकतात तो लाल भोपळा आणि हा एकाच जातकुळीतले. इथले लोक तो पायरीवर ठेवतात. आईंनी नख लावलं, वास घेतला आणि दोन घेतले.

इलिनॉय भोपळ्यात अमेरिकेत पहिला, पण तो बहुतेक भोपळा असा पोरांच्या नजरेला पडत नाही. पिओरियाजवळ मॉर्टन नावाचं गाव आहे, ते स्वतःला जगाची भोपळा-राजधानी म्हणवतं. तिथल्या कारखान्यात डब्यात बंद होणारा भोपळाही असाच तपकिरी, लांबोळका, घट्ट गराचा असतो, आणि थँक्सगिव्हिंगच्या पायमध्ये जातो तो हाच. तिथे ना तोफ, ना डुकरांची शर्यत.

मग इथे ते सगळं कशाला, बाबांना नेमकं हेच समजून घ्यायचं होतं. परतीच्या फेरीत त्यांनी मला दुभाषी केलं. ट्रॅक्टर चालवणारा माणूस साठीचा, मालकांपैकीच होता. एकरी किती भोपळा निघतो, पाणी देता का, बी विकत का घरचं, असे प्रश्न आधी झाले. मग बाबांनी मूळ मुद्द्याला हात घातला. नुसत्या मक्या-सोयाबीनवर भागत नाही का? तो हसला. हजारो एकर असतील तर भागतं, म्हणाला. त्याच्या आजोबांच्या वेळेपासूनची जमीन आहे, पण थोडी, आणि शहर दरवर्षी जवळ येतंय. घरं बांधणारे विचारून जातात. वर्ष निघतं ते सप्टेंबरअखेर ते हॅलोविन, या पाच-सहा शनिवार-रविवारांवर. त्यातले दोन पावसात गेले, की झालं.

“म्हंजे आपली हुरडा पार्टी की,” बाबा म्हणाले.

हे मला भाषांतर करून सांगता आलं नाही. ज्वारीची कोवळी कणसं, शेणकुटाच्या आगटीत भाजलेली, तळहातावर चोळून काढलेला गरम हुरडा, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, असं सगळं सांगत बसले तर फेरी संपली असती. पण बाबांचं म्हणणं खरं होतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-सोलापूरची माणसं माणशी पैसे भरून रानात जातात, बैलगाडीत बसतात, पोरं झाडाच्या झोक्यावर चढतात आणि ज्वारी मोंढ्यावर नेऊन जे मिळालं नसतं ते शेतकऱ्याला जागेवर मिळतं. २०२० मध्ये राज्य सरकारने कृषी पर्यटनाचं धोरणही आणलं. आमच्या ओळखीत काहीजण या भोपळ्याच्या शेतांना नाकं मुरडतात. म्हणतात, हे कसलं शेत, ही तर जत्रा. जत्रा आहेच. पण ती बंद झाली तर तिथे खरं शेत येणार नाही, तीन गाड्यांच्या गॅरेजची घरं येतील. वीस डॉलर मलाही जास्त वाटतात, तरी मी ते देते. आणि मधल्या वारी सकाळी गेलं तर अनेक ठिकाणी दर उतरतो, रांग नसते आणि बकऱ्यांचं पोट इतरांनी आधीच भरलेलं नसतं. (बकऱ्यांना चारा घातल्यावर हात साबणाने धुवायचे, सॅनिटायझरवर भागवायचं नाही. पोरांच्या डॉक्टरांचं हे सांगणं मी तंतोतंत पाळते.)

घरी आल्यावर आईंनी सुरी मुलाच्या हातात दिली. अख्खा भोपळा बाईने आधी कापायचा नाही. पहिला वार पुरुषाचा, पुढचं सगळं बाईचं. “पुढचं सगळं म्हणजे नव्व्याण्णव टक्के,” मी म्हटलं. “तेच तर,” त्या म्हणाल्या आणि किसणी घेतली. कीस वाफवून त्यात गूळ विरघळवला, मावेल तेवढी कणीक, थोडं तांदळाचं पीठ, चिमूटभर मीठ, वेलची. थापून, वरून खसखस दाबून घारगे तळले. रंग असा आला की थोरलीने विचारलं, यात केशर घातलंय का.

तिचा भोपळा अंगणाच्या पायरीवर कोरला गेला. हात घालून आतला चिकट धागाधागा गर काढायचं काम तिचं, “ईऽऽ” म्हणायचं धाकट्याचं. ही चाल आयर्लंडची, तिथे आधी सलगमासारखे कंद कोरायचे, अमेरिकेत आल्यावर भोपळा मिळाला, असं मी सांगत होते. आईंना त्यातलं एकच हवं होतं.

“हे दारात कशाला ठेवायचं?”

“भुतं येऊ नयेत म्हणून.”

“मग आम्ही नव्या घराला कोहळा बांधतो तर तुम्ही हसता ते?”

नवरा डोकं खाली घालून बिया वेगळ्या करत राहिला. बिया मीठ-तिखट लावून भाजल्या, त्या मात्र त्यानेच संपवल्या. कोरलेल्या तोंडाचा खालचा ओठ हॅलोविनच्या आधीच खारींनी कुरतडला. दरवर्षी कुरतडतात. हॅलोविननंतरच्या शनिवारी आसपासच्या गावांत भोपळे खतासाठी गोळा करतात, आणि टाकायच्या आधी पोरांना ते आपटून फोडू देतात. थोरलीला भोपळा आणण्यापेक्षा त्याचीच जास्त ओढ लागलेली असते.

बाबांनी त्याच रात्री मंगळवेढ्याला पुतण्याला फोन लावला. तो या हिवाळ्यात रस्त्याकडेच्या चार एकरांत हुरड्याचं केंद्र काढायच्या विचारात आहे, फलकसुद्धा रंगवून झालाय. बाबांनी त्याला ट्रॅक्टरची फेरी, फाटकावरचे कागदी पट्टे, वजनाचा वेगळा दर, सगळं ऐकवलं. मग म्हणाले, “आन् झोके-बिके राहू दे. फळ्या ठोक, चौकोन कर आन् दोन क्विंटल मका वत त्यात. पोरं हलत न्हाईत तिथनं. पोरं हलली न्हाईत की आईबाप बी हलत न्हाईत, बसून खात्यात.”

पलीकडून पुतण्या काहीतरी बराच वेळ बोलला. बाबांनी फोन कानापासून लांब धरून आमच्याकडे पाहिलं.

“म्हणतोय, मका नगं. पोरं नाकात घालतील.”

“इथे घालत नाहीत का?” आईंनी मला विचारलं.

“घालतात,” मी म्हटलं.

“घालत्यात म्हणं,” बाबांनी फोनवर सांगितलं, “पर वीस डॉलर देत्यात.”