ओळंबा

गवंड्याच्या पिशवीत थापी, गुण्या, रंधा यांच्या गर्दीत तो तळाशी पडलेला असतो. पितळी नाहीतर लोखंडी अंग, खाली निमुळतं टोक, डोक्यातून ओवलेली दोरी आणि दोरीवर त्याच्याच जाडीचा एक ठोकळा. शिक्षण म्हणाल तर काहीच नाही. पृथ्वी जिकडे ओढेल तिकडे तोंड करून लटकायचं, एवढंच त्याला येतं.

पुण्यात पेठेतला जुना वाडा विकायला निघाला की बोलणारे पुष्कळ जमतात. विकणाऱ्याला पणजोबांच्या पंगती आठवतात. दलाल सांगतो, असा साग आता शोधून मिळायचा नाही (आणि यात तो खोटं बोलत नसतो). घेणारा तर चौक आणि नक्षीचे खांब पाहून आधीच भाळलेला. या मंडळींत ज्याला व्यवहारातून एक पैसा सुटायचा नाही असा एकटा ओळंबाच.

घेणाऱ्याने नेमलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर ठोकळा भिंतीच्या माथ्याला टेकवतो आणि याला खाली सोडतो. गृहस्थ लहरी. जरा वारा आला की झुलत बसतो, मग त्याला पाण्याच्या बादलीत बुडवून स्थिर करायचं आणि दोरीपासून भिंत किती लांब ते पट्टीने मोजायचं. वारा नसला तर निकाल तिथल्या तिथे. भिंतीला जेमतेम शिवला तर भिंत सरळ. सुटून राहिला तर माथा बाहेर कललाय. रेलून बसला तर भिंत खाली पुढे आलीय.

पण त्याला तारतम्य नाही. जुन्या जाड भिंती कित्येकदा मुद्दाम खाली रुंद, वर निमुळत्या बांधलेल्या असतात. हा त्यांनाही वाकड्याच म्हणणार. शिवाय कल किती ते सांगेल, कधीपासूनचा ते नाही. दोन पिढ्यांपूर्वी कलून थांबलेली भिंत आणि गेल्या पावसाळ्यापासून सरकणारी भिंत त्याला सारखीच. म्हणून इंजिनिअर भेगेवर आडवी काचपट्टी चिकटवतो आणि शेजारी तारीख लिहितो. भेग हलली की काच तडकते. नदीकाठच्या पेठांत आणखी एक चौकशी करावी लागते: १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा पुराचं पाणी या वाड्यात कुठवर चढलं होतं?

ओळंब्याला हमखास फसवतो तो सिमेंटचा गिलावा. इथे जाड, तिथे पातळ थर दिला की कललेली भिंतही सरळ दिसते, आणि हा भाबडा वरवरच्या थराला शिवून ‘ठीक’ म्हणतो. चुन्यातल्या भिंतीची ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडायची. सिमेंट तिला आत कोंडतं. भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक त्या ओलीत कुजत जातं, वर रंग मात्र ताजा. विक्रीच्या तोंडावर केलेल्या रंगरंगोटीवर माझा तरी विश्वास नाही. तिथे टोच्याच लागतो. चांगल्या सागात तो शिरत नाही, कुजलेल्यात सहज रुततो. त्यासाठी थोडा गिलावा फोडावा लागतो, आणि मालक त्याला ‘नको’ म्हणाला तर तेही एक उत्तरच समजावं.

महापालिकेच्या हद्दीत ३० वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेण्याचं बंधन कायद्यानेच घातलं आहे. तो दाखला मागून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. वाडा वारसा यादीत असेल तर त्याची श्रेणी पाहा, कारण मग दुरुस्तीलाही परवानगी लागते. इंजिनिअर दलालाने सुचवलेला नको, आपला हवा. त्याची फी आपण द्यावी. आणि जमलं तर एक पावसाळा जाऊ द्या. इसार त्यानंतर.