हातात दिलेला शब्द

मुळशीहून परतताना एस.टी.त लेकीने निबंधस्पर्धेचे प्रमाणपत्र पुढे केले. विषय होता १९२१ चा मुळशी सत्याग्रह. तिच्या नावाखाली इंग्रजीत छापले होते, ‘कमेंडेड’.

“म्हणजे काय, पप्पा?”

“प्रशंसा. म्हणजे क्रमांक हुकला,” मी म्हणालो. तिने कागद मुकाट्याने दप्तरात ठेवला.

पुढच्याच महिन्यात पुण्यात माझ्या आईचा अंत्यविधी झाला. इंग्रजी प्रार्थनेत धर्मगुरूंनी तिचा आत्मा प्रभूच्या हाती सोपवला, तो याच क्रियापदाने. मी चमकलो. रात्री शब्दकोश उघडला.

‘प्रेझ’चे मूळ किंमत या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे, ‘कमेंड’चे मूळ हातात. ‘मानुस’ म्हणजे हात, ‘दारे’ म्हणजे देणे. त्यांतून विश्वासाने हवाली करण्याचा अर्थ आला. जे निःशंकपणे दुसऱ्याच्या हाती द्यावे, ते वाखाणण्याजोगेच असणार! म्हणून या क्रियापदाबरोबर ‘फॉर’ आले की प्रशंसा होते, ‘टू’ आले की सोपवणे.

मी मात्र लेकीच्या यशाची नुसती किंमत केली होती. निबंध हातात घेतलाच नव्हता. सकाळी तो मागितला. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग दोन्ही हातांनी वही पुढे केली.