जमीन सुटली म्हणून

भिवंडी

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

"आपला गट रस्त्याच्या मोजणीतून सुटला, आता त्या बैठकांना जाऊ नका," असं तू फोनवर म्हणालास. त्याचं उत्तर लिहूनच द्यावंसं वाटलं.

इजिप्तचा 'अल-अर्द' बघ. अल-शरकावी यांच्या 1954च्या कादंबरीवर युसुफ शाहीन यांनी काढलेला हा अरबी सिनेमा 1970 साली कानच्या स्पर्धेत होता. नाईलकाठचं गाव, 1930 नंतरची वर्षं. शेतीचं पाणी दहा दिवसांवरून पाच दिवसांवर येतं आणि पाशाच्या वाड्यासाठी शेतांतून रस्ता आखला जातो. त्यात एक प्रसंग आहे. पाण्यावरून भाऊबंद एकमेकांवर काठ्या उगारतात, तेवढ्यात कुणाचं तरी जनावर विहिरीत पडतं. काठ्या टाकून सगळे त्याला ओढून काढायला धावतात. आपल्याकडे बांधावरून भांडणारे पुरात असेच धावतात, तू पाहिलंयस.

पण त्याच गावात शेख हसूना आहे. शिकलेला, जुन्या लढ्यात नाव काढलेला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघतात. त्याची जमीन रस्त्यातून वगळतात आणि तो अंग काढून घेतो. मला पाशापेक्षा त्याचाच जास्त राग आला. मागे उरतो म्हातारा अबू सुवेलम. महमूद अल-मेलिगी या नटाने एरवी खलनायक रंगवले, इथे मात्र तो बापासारखा वाटतो. शेवटी त्याला घोड्यामागे बांधून फरफटत नेतात, तरी त्याची बोटं माती आणि कापसाची झाडं सोडत नाहीत.

त्याच काळात, 1933 साली, अलिबागजवळच्या चरीत आपल्याच आगरी कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचं बंद केलं. नारायण नागू पाटील पुढे होते. शेतं ओस पडली, घरात दाणा नव्हता, तरी संप 1939पर्यंत चालला. एकेकाला वेगळं गाठून फोडता आलं असतं तर तो पहिल्या पावसातच मोडला असता.

आपल्याकडे आज गोदामवाले येवोत की रस्तावाले, एकेक सातबारा वेगळा गाठतात. बाळूदादाची दोन्ही खाचरं जातायत. नोटिशीतली भाषा त्याला कळत नाही, मोबदल्याचा हिशोब तर नाहीच. तू वकिली शिकलास तेव्हा त्यानेच गावभर पेढे वाटले होते.

रविवारी सकाळी दहाला मारुतीच्या देवळात बैठक आहे. हरकतीचा अर्ज तुलाच लिहायचाय. आदल्या रात्रीच ये.

तुझा,
तात्या