साफसफाई

परवा मावशीचा फोन आला होता. इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्यावर तिने विचारलंच, "तू ऑफिसात नक्की काय करतेस गं?" मी म्हटलं, साफसफाई. पलीकडे शांतता! :)

पण खरंच, कामाचा निम्मा वेळ त्यातच जातो. डिझाइनवाले एखाद्या भागाचं कॅड मॉडेल पाठवतात. त्याचे बारीक तुकडे, म्हणजे एलिमेंट्स पाडले, की भार दिल्यावर कुठे किती ताण येईल ते गणिताने काढता येतं. पण आलेलं मॉडेल दिसतं तितकं शहाणं नसतं. फाईल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात आली, की शेजारशेजारच्या दोन पृष्ठभागांत शतांश मिलिमीटरची फट पडलेली असते. हायपरमेशमध्ये अशी सुटी कड लाल दिसते, जोडलेली हिरवी. लाल शोधायची, शिवून हिरवी करायची. कुठे ०.०५ मिलिमीटरची चिंचोळी पट्टी असते. एलिमेंट ३ मिलिमीटरचं हवं असेल तर जाळी तिथे वेडीवाकडी होते. मग ती पट्टी शेजारच्या पृष्ठभागात मिसळून टाकायची. कास्टिंगवर उठवलेला पार्ट नंबर, बिनकामाची भोकं, कडांच्या गोलाया... सगळं काढायचं. आई तांदूळ निवडायची ना, अगदी तसं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका ब्रॅकेटचं मॉडेल असंच लख्ख केलं होतं. रिब जिथे भिंतीला मिळते तिथला १.५ मिलिमीटरचा फिलेट, म्हणजे आतल्या कोपऱ्यातली गोलाई, तीही काढली. जाळी काय सुंदर आली! उत्तरात तोच कोपरा लालभडक दिसला. एलिमेंट लहान केलं तर ताण वाढला, आणखी लहान केलं तर आणखी वाढला. मी पुस्तकात वाचलेलं होतं, आतल्या टोकदार कोपऱ्यात ताण गणिताने अनंत होतो, तो आकडा खरा मानायचा नसतो. रिपोर्टमध्ये तसं लिहिलं आणि ब्रॅकेट 'सुरक्षित' म्हणून मोकळी झाले.

टेस्ट रिगवर नमुना त्याच कोपऱ्यात तडकला.

सरांनी माझं आणि मूळ मॉडेल शेजारी शेजारी उघडलं. ओरडले नाहीत, एवढंच विचारलं, "इथला फिलेट कुठे गेला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तक बरोबरच होतं हो! पण तो कोपरा टोकदार केला होता मीच, आणि टोकदार आहे म्हणून त्याकडे बघू नका असंही मीच लिहिलं होतं. खऱ्या ब्रॅकेटमध्ये गोलाई होती आणि तिच्यावरचा ताणही खराच होता. फिलेट परत घालून, त्या वळणावर बारीक एलिमेंट्स देऊन पाहिलं, तर ताण मर्यादेच्या वर. शेवटी डिझाइनवाल्यांनी गोलाई वाढवली. नमुनाच होता म्हणून निभावलं. गाडीवर बसवलेला असता तर... नकोच तो विचार.

तेव्हापासून आधी ढोबळ जाळी करून ताण कुठून वाहतो ते बघते, आणि त्या वाटेवरच्या गोलाया परत आणते. काय काय काढलं त्याची यादी रिपोर्टच्या पहिल्याच पानावर देते. तांदळात खडा ओळखता येतो. इथे मात्र भार कुठून जातो ते कळेपर्यंत खडा कुठला नि दाणा कुठला ते सांगता येत नाही.

असो. मावशीला एवढंच म्हटलं, काय टाकायचं आणि काय ठेवायचं ते ठरवायचा पगार मिळतो मला. तर म्हणते, "मग ये की एकदा, माझा माळा आवरायचाय!"